सेतू, तू नऊ वर्षं खेळलास

सेतू,

तुला जाऊन आज एकतीस दिवस झाले. भेटायला येणारा प्रत्येक माणूस दारात चप्पल काढतानाच म्हणतो, "काय हे अचानक!" मी मान हलवते, आत नेऊन बसवते, पाणी देते. अचानक म्हणायचा हक्क तुझ्या बायकोला, मीनाक्षीला आहे. तुझ्या क्लबातल्या जुन्या सोबत्यांना आहे, तू शिकवायचास त्या मुलींना आहे. मला नाही. मी तुझ्या मरणाची बावीस वर्षं वाट पाहत होते.

हे देवनागरीत लिहितेय, कारण पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आपल्या घरात ती कोणाला वाचता येत नाही. तुलाही येत नव्हती. मी मिरजेत चार वर्षं शिकले, नोकरी केली, तेव्हा मला आली. तिथल्या मुली माझ्या बोलण्याला हसायच्या. हिचं मराठी म्हणजे देवळातल्या शिळेवर कोरलेलं आहे, म्हणायच्या. सुट्टीत घरी येऊन मी तुला त्यांच्यासारखं बोलून दाखवलं की तू कानांवर हात ठेवायचास. "पोदुम, अक्का. पुरे. ही कोणची भाषा की?" त्याच भाषेत आता तुझ्याशी बोलतेय. रागावू नकोस.

पेपरात तुझ्यावर चार परिच्छेद आले. किती वर्षं खेळलास, कुठल्या गावांत, कुणी पाठ थोपटली. मधल्या फळीचा आधार, असं लिहिलंय. आईला ते वाचून दाखवायला हवं होतं. ती असताना एकदा तिनं तुला विचारलं होतं, "सगळे गोल मारतात, तू कां मारत नाहीस?" तू जेवत होतास. पानावरची चटणी, भात, पापड सरकवून तू तिला मैदान मांडून दाखवलंस. हे पुढचे, ते मारतात. हे मागचे, ते अडवतात. ह्या दोघांच्या मधे जो सगळा वेळ धावतो, तो मी. आई थोडा विचार करून म्हणाली, "म्हणजे देवाच्या मिरवणुकीत पाणी वाटणारा." तू इतका हसलास की तुला ठसका लागला. मी तुझ्या पाठीवर हात फिरवत होते आणि हाताखाली तुझं हृदय मोजत होते. तुला ते कळलं. हसता हसता माझा हात बाजूला केलास.

तू खेळायला शिकलास ते वडवारच्या कोरड्या पात्रात. उन्हाळ्यात नदीचं पाणी बंद असे, तेवढे महिने ती वाळू तुम्हा पोरांची. मग धरणातून पाणी सुटल्याची बातमी यायची आणि आपल्या गावात ते कोणत्या दिवशी पोचेल ते मोठी माणसं अंदाजानं सांगायची. अप्पा गेले त्या वर्षीची गोष्ट. मी तुला जेवायला बोलवायला काठावर आले होते. लांब वळणावर वाळूचा रंग बदलला. आधी नुसता ओला डाग. मग काटक्या, फेस, पालापाचोळा पुढे ढकलत येणारी पाण्याची जीभ. आवाज काहीच नव्हता. बाकीची पोरं वर पळाली. तू पाण्याकडे पाठ करून चेंडू पायावर उडवत राहिलास, तोंडानं आकडे मोजत. मी ओरडत होते, "सेतू, वर ये! सेतू!" पाणी तुझ्या घोट्यांना लागलं, पोटऱ्यांना लागलं, तेव्हा कुठे तू चेंडू काखेत मारलास आणि चालत आलास. पळत नाही, चालत. "किती वेळ आहे ते मज कळतं, अक्का," म्हणालास. अकरा वर्षांचा होतास. मी तुझ्या थोबाडीत मारली आणि मग मीच रडत बसले.

अप्पा ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत कारकून होते. एके दुपारी घरी यायला निघाले आणि बसची वाट पाहता पाहता स्टँडवरच्या बाकावर बसले, ते उठलेच नाहीत. एकेचाळीस वर्षांचे होते. त्यांचा धाकटा भाऊ तिरुवैयारूला शेतातून चालत येताना बांधावर पडला होता, तो तर त्याहून लहान. लोक म्हणाले, ऊन लागलं. आपल्या आजीनं दृष्ट काढली. एवढ्यावर ते संपलं.

नंतर तू चोवीस वर्षांचा आणि मी अठ्ठावीसची. मिरजेहून परतून मी इथल्या एका दवाखान्यात ईसीजी काढायच्या कामाला लागले होते. तू पोंगलच्या सुट्टीवर आला होतास. चेन्नईच्या संघात तुझं नाव झालं होतं आणि कोलकात्याच्या एका मोठ्या क्लबानं तुला बोलावलं होतं. आई रस्त्यात भेटेल त्याला सांगत सुटली होती. त्या दिवशी मी डबा विसरले म्हणून तू मोपेडवरून घेऊन आलास. ईसीजीचं यंत्र नुकतंच दुरुस्त होऊन आलं होतं. मी म्हटलं, "झोप रे जरा. बघूया चालतं का."

तू शर्ट काढून झोपलास. छातीवर गार जेल लावल्यावर अंग चोरून हसलास. कागद सरकत बाहेर आला. मी पाहिला आणि मला वाटलं, तारा चुकीच्या लावल्या. काढल्या, पुन्हा लावल्या. पुन्हा तोच कागद. जिथे लाट वर चढायला हवी तिथे ती खोल खाली बुडत होती, एका तारेत नाही, एकामागून एक सगळ्यांत. "यंत्र बिघडलेलंच आहे," मी म्हटलं. तू शर्ट घालून बाहेर गेलास. मी पडदा ओढला, त्याच तारा स्वतःला लावल्या.

माझा कागद स्वच्छ निघाला. त्या वेळी मला आधी काय वाटलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज अजून आहे.

तिरुच्चीच्या डॉक्टरांनी छातीची सोनोग्राफी केली. पडद्यावर बोट ठेवून ते म्हणाले, ही हृदयाची भिंत, ही असायला हवी त्याहून जाड आहे. रक्तातून येणारी गोष्ट. "वडील कसे गेले?" मी म्हटलं, "उन्हानं." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी ह्याच कामात होते, आणि तोवर मला ते सुचलं नव्हतं.

"काय करता?" त्यांनी तुला विचारलं.

"फुटबॉल खेळतो."

"कुठे?"

"मिडफील्डला."

"गोलकीपर होता येईल का?"

तू हसलास. ते हसले नाहीत. म्हणाले, "आज होणार नाही, उद्या होणार नाही. कधी होईल ते मी सांगू शकत नाही. पण तुम्ही जितके धावाल तितकं ते जवळ येईल. खेळ थांबवा."

परतीच्या बसमध्ये आपण मागच्या बाकावर होतो. खिडकीबाहेर कालवे, केळी, कापणीला आलेली भातं. वल्लमला बस थांबली. मग म्हणालास, "आईला सांगू नको."

"क्लबाला सांगायला हवं."

"कोणाला नको. तीन वर्षं दे मज. तीन वर्षं खेळतो, मग सोडतो."

"सेतू, अप्पांसारखं होईल."

"अप्पा कुठे धावत होते? बाकावर बसले होते." मग माझा हात धरलास. तुझा हात गार होता. "मज दुसरं काय येतं, अक्का? तू सांग. दुसरं काय येतं मज?"

मी तो दोन्ही हातांत धरून ठेवला, आणि तू तोच होकार समजलास. घरी आई पायऱ्यांवर वाट पाहत होती. "कां उशीर?" "सुम्मा. असंच," तू म्हणालास. इतक्या सहज म्हणालास की मलाही क्षणभर खरं वाटलं.

क्लबाला एक पत्र पुरलं असतं. मी ते लिहिलंही होतं. लिफाफ्यावर पत्ता घातला, तिकीट लावलं, राजवाड्याजवळच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले आणि परत आले. मीच तुला हे नंतर सांगितलं, आणि तू पुढे अनेकदा विचारलंस, कां नाही टाकलंस? मी सांगायची, तुझ्यासाठी, आईसाठी. ते सगळं होतंच. पण तू खेळताना मला फार आवडायचास रे. गर्दीत मधोमध उभा राहून मान वळवून मागे बघायचास, चेंडू यायच्या आधी. बाकी सगळे चेंडूकडे धावत असायचे आणि तुला तो पुढे कुठे जाणार ते माहीत असायचं. आपल्या घरात असं काही कोणाला येत नव्हतं. ते माझ्या पत्रानं थांबलं असतं.

मग नऊ वर्षं. तीन नव्हे, नऊ.

टीव्हीवर तुझा सामना असला की गल्लीतले लोक आपल्या हॉलमध्ये जमायचे. आई सगळ्यांना ताक द्यायची. सगळे चेंडू बघायचे, मी तुला. खेळ थांबला की तू गुडघ्यांवर हात टेकून वाकायचास, आणि मी मोजायला लागायची. चारपर्यंत मोजलं की तू सरळ व्हायचास. पुढे पुढे सहा, सात. गोव्यातल्या त्या उपांत्य सामन्यात तू पडलास आणि नेमकी जाहिरात लागली. आंघोळीच्या साबणाची होती. मी भिंतीला टेकून उभी होते. आई म्हणाली, "लागलं वाटतं पोराला." जाहिरात संपली तेव्हा तू मैदानाबाहेर नाकाला टॉवेल लावून बसला होतास. कुणाचा तरी कोपर लागला होता. संध्याकाळी फोन केलास, "घाबरलीस की?" मी तुला फोनवर घाण घाण शिव्या दिल्या. तू सगळ्या ऐकून घेतल्यास आणि म्हणालास, "सरी. बरं. आता जेव."

दर वर्षी मोसम संपला की तू घरी यायचास आणि मी म्हणायची, झाली की तीन. झाली की पाच. तू म्हणायचास, अजून एक. मला तुझं ते बोट अजून दिसतं, हवेत वर केलेलं. अजून एक.

मीनाक्षीचं स्थळ आलं तेव्हा मी तुला बजावलं, तिला आधी सांगायचं, नाहीतर मी सांगेन. "मी सांगतो," म्हणालास. मदुरैला जाऊन तिच्याशी एकटा बोलून आलास. मी विचारलं, "सांगितलंस?" तू म्हणालास, "हो." मी मीनाक्षीला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू खोटं बोललास हे कळलं असतं, म्हणूनच विचारलं नाही, हे आता कळतं.

तेहतिसाव्या वर्षी तू खेळ सोडलास. अंगावर एक ओरखडा नाही. खेळाडू म्हणून मिळालेली चेन्नईची नोकरी बदलून घेऊन इथे आलास, वरच्या मजल्यावर बिऱ्हाड केलंस. सकाळी मैदानावर मुलींना शिकवायला लागलास. एकदा अंगणात ऊस सोलत बसलो होतो तेव्हा म्हणालास, "बघ अक्का. तो कागद खोटा होता. मी नऊ वर्षं धावलो. खोटा होता तो." आणि सेतू, मी मानलं. पूर्ण नाही. पण रोज सकाळी तुझ्या मोपेडचा आवाज ऐकून माणूस किती वर्षं भीत बसेल? मी भ्यायचं हळूहळू विसरले. दवाखान्यात रोज लोकांचे कागद काढत होते, आणि घरातला कागद ट्रंकेच्या तळाशी होता.

तुझी लेक जानकी नसती तर ते तसंच राहिलं असतं.

जानकी सहा वर्षांची असल्यापासून तुझ्यामागे मैदानावर. तिला आपलं मराठी सगळं कळतं, बोलताना तमिळमध्ये जाते. पण "अत्या" मात्र आपल्यासारखं म्हणते. बारा वर्षांची झाली तेव्हा तू मला तिचा सामना बघायला घेऊन गेलास. काही सांगितलं नाहीस, नुसता शेजारी बसलास. गर्दीत मधोमध ती उभी होती, आणि चेंडू यायच्या आधी तिनं मान वळवून मागे पाहिलं.

तू अभिमानानं माझ्याकडे वळलास. मी ओठांतल्या ओठांत मोजायला लागले होते. तो चेहरा तू पाहिलास आणि तुझं हसू गेलं.

"नको, अक्का," म्हणालास. मी अजून काही बोललेही नव्हते.

तिथून दोन वर्षं आपण भांडलो. मी म्हणायची, पाच मिनिटांचं काम आहे, दुखत नाही. तू म्हणायचास, काढू नको. गेल्या आडी महिन्यात, आषाढात, ती जिल्ह्याच्या संघासाठी निवडली गेली, त्या दिवशी आपण स्वयंपाकघरात दार लावून भांडलो. शेजारी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"कागद वाईट निघाला तर ती थांबेल," तू म्हणालास.

"म्हणूनच काढायचा."

"आणि थांबून काय करेल? तू मला थांबवलं असतंस तर मी काय झालो असतो? कचेरीत कारकून. बसची वाट बघत बसलो असतो."

"ती पोर आहे, सेतू. तिला विचारलंस? तू स्वतःचा निर्णय स्वतः घेतलास. तिचाही तूच घेतोयस."

"मी सेहेचाळीसचा आहे. मेलो काय?" छातीवर हात आपटून म्हणालास. "मेलो काय मी?"

मी काहीतरी फार वाईट बोलले. ते इथेही लिहिणार नाही. तुला आठवत असेल. सात आठवडे आपण बोललो नाही. एका घरात, एका जिन्यावर.

नवरात्रात तू खाली आलास, हातात चण्याच्या सुंडलचा डबा घेऊन. मीनाक्षीनं पाठवलाय, म्हणालास. मी डबा घेतला. तू दारातच घुटमळलास. "पोंगल होऊ दे. मी आणतो तिला तुझ्याकडे." मी विचारलं, "नक्की?" तू जिना चढायला लागला होतास. वळला नाहीस. ते तू खरं म्हणालास की मला गप्प करायला म्हणालास, ह्यावर मी एकतीस दिवस विचार करतेय. रोज वेगळं उत्तर येतं.

कार्तिकातला पाऊस उघडला होता. सकाळचे सात. मैदानाच्या सिमेंटच्या पायरीवर बसून तू चेंडूत हवा भरत होतास. धावत नव्हतास. मुली फेऱ्या मारत होत्या. जानकी सांगते, पंपाचा आवाज थांबला म्हणून तिनं पाहिलं, तर तू पुढे वाकलेला होतास. तिला वाटलं तू चेंडूचं तोंड बघतोयस. तिनं आणखी एक फेरी मारली. सेतू, ती हेच पुन्हा पुन्हा सांगते. आणखी एक फेरी मारली.

तुला आमच्याच दवाखान्यात आणलं. मी नुकती पाळीवर आले होते. स्ट्रेचरवर कोण आहे ते मला बुटांवरून कळलं. दुसऱ्या मुलीनं म्हटलं, मी लावते, तुम्ही बाहेर थांबा. मी ऐकलं नाही. तुझ्या छातीवर मी स्वतः तारा लावल्या. जेल लावल्यावर तू अंग चोरलं नाहीस. कागद सरकत आला, आणि त्यावर एक सरळ रेघ होती. डॉक्टर म्हणाले, बंद करा. मी कागद तसाच जाऊ दिला. कितीतरी लांब झाला तो. शेवटी त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून बटण दाबलं.

तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं. सोळाव्या दिवशी रिकामं झालं, तेव्हा मी वर गेले आणि मीनाक्षीला सगळं सांगितलं. कागद, तिरुच्ची, बस, पत्र. ती तुझे शर्ट घड्या घालत होती. माझं संपेपर्यंत तिनं घड्या घालणं थांबवलं नाही. मग म्हणाली, "तुम्ही दोघं बहीणभाऊ सगळं ठरवत होता. आणि मी ह्याच घरात तेरा वर्षं ह्याला रोज सकाळी हातानं पाणी देऊन मैदानावर पाठवत होते." मला तिनं मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं शर्ट कपाटात ठेवले. "नाळैक्के," म्हणाली. उद्याच.

दुसऱ्या दिवशी जानकी माझ्यासमोर त्या पलंगावर झोपली. पडद्याआड आम्ही दोघीच, मीनाक्षी बाहेर बाकावर. जानकीनं विचारलं, "अत्या, अप्पाचं पण तूच काढलंस?"

"हो."

"दोन्ही वेळा?"

मीनाक्षीनं तिला सांगितलं होतं तर. "दोन्ही वेळा," मी म्हटलं.

कागद आला. मी ह्या कामात तीस वर्षं आहे, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नसतं ते मला येतं. तरी तिला दिसलं. लाटा खाली बुडत होत्या. तुझ्याइतक्या खोल नाहीत, पण तुझ्याच. त्याच आठवड्यात सोनोग्राफी झाली. आता तिरुच्चीला जावं लागत नाही, इथेच होते. डॉक्टर तरुण बाई आहेत, जानकीशी फार चांगलं बोलल्या. औषधं आहेत, दर काही महिन्यांनी तपासणी, आणि पुढे लागलंच तर छातीत बसवायचं यंत्र आहे. तुझ्या वेळी ह्यातलं काही कुणी आपल्याला सांगितलं नव्हतं. पण सामने नाहीत. धावणं नाही.

जानकी खाली मान घालून ऐकत होती. मग तिनं मान वर केली आणि डॉक्टरांना सोडून माझ्याकडे पाहिलं.

"कागद निघाल्यावर अप्पा किती वर्षं खेळला?"

मला खोटं बोलता आलं असतं. पेपरात सगळं छापून आलेलं होतं, तिनं मोजलं असतं. "नऊ," मी म्हटलं.

"आणि नंतर तेरा वर्षं शिकवलं." ती बोटं मोजत होती. "मग? अप्पा तर खेळला."

डॉक्टर काहीतरी समजावून सांगायला लागल्या. नशीब, प्रत्येकाचं हृदय वेगळं, तिचं वय. मला काही ऐकू येत नव्हतं. तुझी ती नऊ वर्षं, गल्लीनं टाळ्या वाजवलेली, पेपरात छापलेली, आता तिच्या हातात होती. तू जिवंत राहिलास हेच ती पुरावा म्हणून दाखवत होती, जसं तू मला दाखवायचास.

परवा सकाळी मीनाक्षी धावत खाली आली. जानकी क्लासला म्हणून गेली, आणि तिचे बूट जागेवर नाहीत. मार्गळीचं, मार्गशीर्षातलं धुकं होतं, दारोदार रांगोळ्या काढलेल्या. मी मोपेड काढली. कोणाच्या रांगोळीवरून गेले ते बघितलं नाही.

मैदानावर खेळ चालू होता. तू गेल्यापासून मोठ्या मुलीच लहानांना खेळवतात. जानकी मधोमध होती. धुक्यात ती धावायची तेव्हा दिसेनाशी व्हायची, आणि पुन्हा दिसेपर्यंत मी मोजत होते. तीन. चार. पाच. सीमेवर उभी राहून मी पुन्हा मोजत होते, सेतू. बावीस वर्षं जे केलं तेच. सातला मी चपला काढल्या आणि साडी खोचून आत शिरले.

चेंडू माझ्या पायांशी आला तो मी हातात उचलला. मुली हसल्या, मग थांबल्या. जानकी समोर येऊन उभी राहिली, धापा टाकत. "अत्या, वेडी झालीस की? पोदुम. जा."

मी सगळ्या मुलींना ऐकू जाईल असं सांगितलं. तुमचे सर कशानं गेले ते मला माहीत होतं. त्यांच्या हृदयात जन्मापासून दोष होता, तो त्यांना चोवीस वर्षांचे असताना कळला होता, त्यांनी तो लपवला आणि मी लपवू दिला. तोच जानकीला आहे. तिला कोणी चेंडू द्यायचा नाही. तिनं मागितला तरी, रडली तरी.

 एक छोटी मुलगी रडायला लागली. जानकीचा चेहरा पांढरा पडला होता. जगात कुणी कुणाकडे असं बघू नये, तसं ती माझ्याकडे बघत होती.

"अप्पाला का नाही थांबवलंस?" ती मराठीत म्हणाली. अख्खं वाक्य, एक शब्द तमिळ नाही. "मला थांबवतेस. अप्पाला का नाही?"

"मी भ्याले," मी म्हटलं.

"कशाला?"

"तो माझ्यावर रागावेल म्हणून."

तिनं बूट तिथेच काढून फेकले आणि अनवाणी घरी चालत गेली. मी मोपेड ढकलत तिच्या मागून, वीस पावलं अंतर ठेवून. तिनं एकदाही मागे पाहिलं नाही.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मीनाक्षीही मोजकंच बोलते. तुझं नाव आता मैदानावर वेगळ्या आवाजात घेतलं जातं, ते मी केलं. पेपरातल्या त्या चार परिच्छेदांवर मी डाग पाडला म्हणून तुझा एक जुना सोबती फोनवर फार चिडून बोलला. तूही चिडला असशील. चीड.

मला तू हवा होतास. अजून हवा आहेस. तुझ्यावर इतका राग आहे की रात्रीचं ताट मी तसंच झाकून ठेवते, आणि तू ती नऊ वर्षं खेळलास ह्याचा आनंद आहे, तो मी कितीही ढकलला तरी जात नाही. दोन्हीचं काय करायचं ते मला कळत नाही.

सकाळी मी जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसते. कामावर जायच्या आधी तासभर. वर जानकी आईशी भांडत असते, भांडी आपटते, दारं आपटते, मला शिव्या देते. आज फार वेळ भांडली. तुझ्यासारखाच आवाज चढतो तिचा. मग एकदम सगळं शांत झालं. मी उठून उभी राहिले, कठड्याला धरून. एक, दोन, तीन, चार.

मग वरून पुन्हा ओरडली ती, "इडली नको मला!"

मी खाली बसले. मीनाक्षीनं तिला काहीतरी उत्तर दिलं, ते काही नीट ऐकू आलं नाही.